नाव बदललं आहे!

मागच्या आठवड्यात भजी आणि पावसावर लिहिलं होतं, या आठवड्यात विषय जरा जड आहे. पण वाचा, मंडळी. चहाबरोबर चालेल.

शुक्रवारी संध्याकाळी खराडीत होते. ईऑन आयटी पार्कच्या गेटसमोर साडेसहाला जो काही महासागर उसळतो ना, त्यातून गाडी काढण्यापेक्षा टपरीवर अर्धा तास काढलेला बरा, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन कटिंग, एक क्रीमरोल आणि समोर मैत्रीण. तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. ‘‘वाच.’’

एका वार्ताहराचा मेसेज होता. ‘हाय मॅम, तुमच्याबद्दल एका कॉमन फ्रेंडकडून कळलं. तुमची स्टोरी खूप पॉवरफुल आहे. नाव बदलू, नो टेन्शन. उद्या सकाळपर्यंत बोलता येईल का? फोटो पाठमोरा चालेल.’

‘‘तू लिहितेस ना, मग तूच सांग. बोलू की नको?’’

तिची कंपनी कोणती, नेमकं काय झालं, हे मी इथे सांगणार नाहीये. ऑफिसमधली गोष्ट आहे, तिने रीतसर तक्रार केलीय आणि गेले काही महिने तिची झोप उडालीय, एवढं पुरे. (आणि हो, दोन-तीन तपशील मी बदललेत. क्रीमरोल नव्हता.)

एक मात्र खरं, तिला बोलायचं होतं. ‘कशाला बभ्रा करतेस’ म्हणणारे तिच्या आजूबाजूला भरपूर आहेत, त्यांत मला आणखी एकीची भर घालायची नव्हती. पण पटकन ‘बोल गं बिनधास्त’ असंही तोंडातून निघेना. कारण ‘नाव बदलू, नो टेन्शन’ हे वाक्य मी स्वतः एकदा वापरलेलं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी एका मासिकासाठी फीचर्स लिहायचे. काचेच्या बिल्डिंगी चकाचक ठेवणाऱ्या बायकांवर लेख करायचा होता. हाउसकीपिंगमधली एक ताई भेटली. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून आम्ही तीन दुपारी बोललो. नवरा प्यायचा, मारायचा. त्याला न सांगता ती दर महिन्याला भिशीत पैसे टाकत होती, थोरलीच्या कॉलेजसाठी. हे तिने मला सांगितलं, कारण मी विचारलं. आणि त्याआधी तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी लेख मनापासून लिहिला. तिचं गाव, सकाळची पहिली शिफ्ट, डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग, दोन मुली, थोरली बारावीला. नाव तेवढं बदललं आणि पुढे कंसात इमानदारीत टाकलं, ‘नाव बदलले आहे’. संपादक म्हणाले, काय डिटेलिंग आहे! मी आठवडाभर हवेत.

तिच्या वस्तीतल्या किराणा दुकानदाराच्या मुलाला ओळख पटायला दोन परिच्छेद पुरले. नवऱ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याला मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. भिशीसकट.

पैसे गेले. मार किती खाल्ला हे तिने मला कधीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही नाव तर बदललं होतं की.’’ चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

माझ्या डोक्यात ‘ओळख’ म्हणजे नाव. तिच्या वस्तीत ओळख म्हणजे मनगटावरचा डाग. आपण लिहिणारे लोक ज्या तपशिलावर खूश होतो, नेमका तोच शेजाऱ्याला ओळखू येतो. आणि माणसाला धोका असतो तो बहुतेक वेळा ओळखीच्यांकडूनच, लांबच्या वाचकाकडून नाही.

कायद्याला हे माझ्या कितीतरी आधी कळलेलं होतं. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत २२८-अ हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव किंवा जिच्यावरून तिची ओळख पटू शकेल अशी कोणतीही गोष्ट छापली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘अशी कोणतीही गोष्ट’, हे परत एकदा वाचा. पीडित सज्ञान असेल तर ती स्वतः लेखी परवानगी देऊ शकते, म्हणजे तिचं तोंड कायद्याने बांधलेलं नाही. चावी फक्त तिच्या हातात दिलीय. घरातल्या मारहाणीला हे कलम लागू नाही, त्यामुळे ताईच्या बाबतीत माझ्यावर काही कारवाई होणार नव्हती. म्हणून मी निर्दोष ठरते का, ते तुम्हीच ठरवा.

हे कलम ज्या खटल्यामुळे आलं तो आपल्या महाराष्ट्रातलाच. १९७२, देसाईगंजचं पोलीस स्टेशन, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, एक अल्पवयीन वाटावी अशी आदिवासी मुलगी आणि दोन पोलीस. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि शेवटी कायदा बदलला. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). कायद्याच्या पुस्तकांत तो खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा आहे, म्हणजे एका पोलिसाच्या नावाने. पण आंदोलनांपासून कॉलेजच्या नोट्सपर्यंत सगळीकडे तो ओळखला जातो त्या मुलीच्या नावाने. जिच्यामुळे नावं झाकायचा कायदा आला, तिचं नाव मात्र कायमचं उघडं राहिलं.

आणि खराडीत बसून हा विषय निघाला की बायपासची आठवण येणारच. २००९ चा ऑक्टोबर. ऑफिस सुटल्यावर इथून घरी निघालेली एक तरुण इंजिनीअर घरी पोचलीच नाही. बलात्कार आणि खून. २०१७ च्या मे महिन्यात पुण्याच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. माणूस बेपत्ता असताना नाव-फोटो द्यावाच लागतो, हे मान्य. पण नंतरही, दर तारखेच्या बातमीत, ते येतच राहिलं. मी इथे नाव लिहिलेलं नाही, तरी तुमच्यातल्या कित्येकांना ते आठवलं असेल. एकदा छापलेलं नाव परत घेता येत नाही, ते असं.

डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की पीडिता हयात नसली तरी तिचं नाव द्यायचं नाही. नातेवाइकांनी हो म्हटलं तरी नाही. अपवाद करायचाच असेल तर सेशन्स जज ठरवतील. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कठुआच्या लहान मुलीची ओळख उघड केली म्हणून दिल्ली हायकोर्टाने १२ माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख भरायला लावले होते.

‘मीडियावाले असेच’ म्हणून मान हलवायच्या आधी जरा आपले ग्रुप उघडून बघा. २०२५ च्या जानेवारीत येरवड्यात एका ऑफिसच्या पार्किंगमध्ये सहकाऱ्याने एका तरुणीवर हल्ला केला, ती गेली. त्याचा व्हिडिओ मला एका दुपारी चार वेगवेगळ्या ग्रुप्सवर आला. पाठवणारे सगळे सुशिक्षित, सगळ्यांच्या गळ्यात आयकार्ड. पूर्वी निदान मासिक महिन्याभराने रद्दीत जायचं. आता रद्दीवाला येतच नाही.

तर, मैत्रीण. तिला मी आधी विचारलं की तक्रार कुठपर्यंत आलीय. कारण २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याचं १६ वं कलम इंडक्शनच्या स्लाइडवर असतं आणि कुणाच्याही लक्षात नसतं. तक्रारीतला मजकूर, तक्रार करणारी, ज्याच्यावर तक्रार तो, साक्षीदार, चौकशी, शिफारशी, यातलं काहीही बाहेर किंवा प्रेसला सांगायचं नाही. न्याय मिळाला ही माहिती देता येते, पण तीही कुणाची ओळख न सांगता. चौकशी चालू असताना मुलाखत दिली तर समोरच्या वकिलाला आयतंच कोलीत. ‘‘आधी तुझ्या वकिलाला फोन कर,’’ मी म्हटलं, ‘‘वार्ताहराला नंतर.’’

मग आम्ही टपरीवरच त्याला विचारायचे प्रश्न काढले. छापण्याआधी मला वाचायला मिळेल का? ‘नको’ म्हणायची शेवटची वेळ कोणती? फोटोत काय दिसणार? (पाठमोऱ्या फोटोत गळ्यातल्या लॅनयार्डचा रंग दिसतो आणि खिडकीबाहेरची बिल्डिंगही.) आवाज बदलणार का? हेडिंग कोण देणार? आणि छापून आल्यावर मला त्रास झाला, तर फोन उचलणार कोण?

नादिया मुराद आठवतेय? इराकमधली यझिदी मुलगी, २०१८ चं शांततेचं नोबेल. तिच्या नावाने २०२२ मध्ये एक आचारसंहिताच निघाली, युद्धातल्या लैंगिक अत्याचारातून वाचलेल्यांशी कसं बोलायचं यावर. कधी, कुठे, कुणाशी बोलायचं आणि बोलायचं की नाही, हे सांगणाऱ्यानेच ठरवायचं, हा तिचा गाभा. युद्धभूमीवरच्या मुलाखतीला जे लागू, ते खराडीच्या टपरीवरून होणाऱ्या फोनला लागू करायला काय हरकत आहे?

प्रश्न पाठवले. दहा मिनिटं काहीच नाही. मला वाटलं, गेला हा. मग त्याचा फोनच आला. बिचारा नवीन असावा. ‘‘मॅम, खरं सांगू का, हे मला कुणी शिकवलंच नाही. मी सरांशी बोलतो.’’ रात्री उशिरा त्याचा मेसेज होता की विशेषांक तिच्याशिवाय जाईल. चौकशी संपल्यावर बोलायचं असेल तर ती कळवेल. मसुदा आधी तिच्याकडे येईल, फोटो नाही.

तरी रविवारी तिने सगळं लिहून काढलं. वेळ येईल तेव्हा हाताशी असावं म्हणून. मला वाचायला दिलं. साडेतीन पानं. त्यात एक जागा होती, तिच्या डेस्कवरच्या एका वस्तूबद्दलची, दोनच ओळी, पण वाचताना माझ्या घशात काहीतरी अडकलं. लेखाची सुरुवात नक्की तिथूनच करावी, असं मनात आलं.

तिने पेन घेतलं आणि आधी त्याच दोन ओळींवर काट मारली. ‘‘ही वस्तू आमच्या अख्ख्या फ्लोअरला माहितीये,’’ म्हणाली.

मी काही बोलले नाही. चहा सांगितला.