विषाणूंच्या प्रयोगशाळा हव्यात, पण कडक शिस्तीत

‘डॉक्टर, हे विषाणू सांभाळून ठेवायचेच कशाला? प्रयोगशाळाच बंद केल्या तर साथ येणारच नाही!’ कोरोनानंतर हा प्रश्न हमखास विचारला जातो. तो उडवून लावण्यासारखा नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, साथीचे नवे विषाणू बहुधा पशुपक्ष्यांकडून माणसात येतात. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसेही तापाने आजारी पडली. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तो विषाणू शोधला. तो गोचिडीमार्फत पसरतो, हेही दाखवले. २०१६ साली हाच माकडताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आला, तेव्हा अंधारात चाचपडावे लागले नाही.

पुण्यातच २०१२ साली सर्वोच्च सुरक्षा श्रेणीची प्रयोगशाळा झाली. अशा ठिकाणी बाहेर पडणारी हवा गाळली जाते, सांडपाणी निर्जंतुक केले जाते आणि आतला माणूस हवाबंद पोशाखात काम करतो. २०१८ साली केरळातील निपाहचे निदान पुण्यात पक्के झाले. मार्च २०२० मध्ये येथेच कोरोनाचा विषाणू वेगळा करून वाढवला गेला. त्यापासून तयार झालेल्या कोव्हॅक्सिनला जानेवारी २०२१ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. विषाणू हाताशी नसता, तर ही लस कशापासून बनली असती?

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. १९७८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात देवीच्या विषाणूवर काम चाले. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या जेनेट पार्कर या छायाचित्रकार बाईंना देवी झाल्या आणि त्या दगावल्या. देवीचा जगातील हा शेवटचा बळी. पुढे हा विषाणू फक्त अमेरिका व रशियातील एकेका प्रयोगशाळेत ठेवण्याचे ठरले. २०११ साली तर नेदरलँड्स आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी बर्ड फ्लूच्या विषाणूत बदल करून तो फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांत हवेतून पसरेल असा केला. जगभर एवढी टीका झाली की, शास्त्रज्ञांनीच ते काम वर्षभर थांबवले.

निसर्गातला विषाणू ओळखणे, त्याची चाचणी व लस तयार करणे ही एक गोष्ट. तो मुद्दाम अधिक पसरणारा बनवणे ही दुसरी. माझे स्पष्ट मत असे की, पहिल्या कामाला सरकारने पैसा कमी पडू देऊ नये. दुसऱ्याला मात्र परवानगी देण्याचा अधिकार तो प्रयोग करणाऱ्या संस्थेकडे नसावा. तो बाहेरच्या स्वतंत्र समितीकडे असावा, आणि अपघात झाल्यास तो लोकांना तत्काळ कळवण्याचे बंधन असावे. कोरोनाच्या उगमाचा वाद अजून मिटलेला नाही. लपवाछपवीने संशय वाढतो, एवढा धडा तरी त्यातून घ्यावा.

आणखी एक. पुण्याची प्रयोगशाळा कितीही मोठी असली, तरी तपासणार तेच, जे आपण पाठवू. ‘रक्त नको, इंजेक्शन देऊन मोकळे करा,’ असा हट्ट धरू नका. एका घरात दोघा-तिघांना एकदम विचित्र ताप आला, शिवारात माकडे किंवा कोंबड्या मरू लागल्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. मेलेल्या जनावराला हात लावू नका. साथीची पहिली खबर गावातूनच जाते.