नर्सिंग चार्ज आणि रात्रीची बेल

जासईहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाई घरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले, पनवेलच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झाले. बिलात रोजचा नर्सिंग चार्ज होता. पण रात्री बेल वाजवली की नर्स पाऊण तासाने यायची. पाठीला जखम झाली, मुक्काम चार दिवसांनी वाढला. त्या विचारतात, "मग पैसे कशाचे घेतले?"

भगिनी, तुमचा राग रास्त आहे, पण तो नर्सवर काढू नका. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स हवी. पण खाटा मोजून काम कळत नाही. हिंडता-फिरता रुग्ण वेगळा, आणि दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागणारी म्हातारी वेगळी. शिवाय नव्या भरत्या, सुट्टीचे कागद, औषधांच्या नोंदी. रात्री एकीवर पंधरा जण असले, की आधी कूस बदलणे राहते. त्यातून जखम होते, ड्रेसिंग आणि औषधे वाढतात, दिवस वाढतात. नर्स कमी ठेवून वाचवलेला पैसा शेवटी आपल्याच खिशातून जातो.

तो चार्ज नर्सच्या हातात पडतो असेही नाही. 50 खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीला 2016 मध्ये करावी लागली.

पुढच्या वेळी भरती करतानाच विचारा : रात्री या वॉर्डात किती रुग्णांमागे किती नर्स? राज्याच्या 2021 च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. ती वाचा, तपशीलवार बिल मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दवाखाना आहे का, तेही पाहा. योजनेतल्या उपचाराच्या पॅकेजमध्ये नर्सिंग धरलेलेच असते.

आणि थोडे आपल्याकडूनही. इयादत सवाबाचे काम आहे, पण दहाजण एकदम गेले तर नर्सचा वेळ आपल्यालाच उत्तरे देण्यात जातो. घरातल्या एकाने रात्री थांबावे आणि कूस कशी बदलायची हे नर्सकडून शिकून घ्यावे.

खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना नबी (स.) यांनी मस्जिदीतल्या हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवायला सांगितले. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बाईला मस्जिदीत जागा होती. आपल्या वॉर्डातल्या नर्सला निदान "बेटी" म्हणून हाक मारू या.