नळीतलं रक्त उकाड्यात ठेवू नका

मैत्रिणींनो, पाऊस लागला की आमच्या हाटकेशला डास येतात आणि त्यांच्या मागोमाग हिवताप. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींच्या मुलाला ताप आला. रक्त तपासलं, तर व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. डॉक्टर म्हणाले, "प्रायमाक्विन सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी तपासून घ्या." वहिनी धावतच माझ्याकडे आल्या, "अहो, हे आणखी काय नवीन?"

नवीन काही नाही बरं का! आपल्या तांबड्या पेशींत असणारं हे एक विकर, म्हणजेच एन्झाइम. पेशीतल्या साखरेवर काम करून ते पेशीला सांभाळतं. काहींच्या रक्तात ते जन्मतःच कमी असतं. अशांनी प्रायमाक्विन घेतलं, तर तांबड्या पेशी भराभर फुटतात. हा दोष मुलग्यांत जास्त दिसतो आणि त्यांच्याकडे तो आईकडून येतो. यात आईची काही चूक नाही, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा! दोषाच्या एका प्रकाराला तर आपल्या कल्याणचंच नाव आहे. 'कल्याण' आणि 'केरळ' हे वेगळे मानलेले प्रकार मुळात एकच, हे १९९२ साली कळलं.

आता उष्णतेचं काय ते पाहू. विकर म्हणजे नीट घडी घातलेलं प्रथिन. उष्णतेनं घडी मोडली की काम थांबलं. अंडं उकडल्यावर पुन्हा कच्चं होत नाही ना, तसंच हे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, पण तिला नवं विकर तयार करता येत नाही. दोषाच्या काही प्रकारांत ही घडी इतकी कच्ची असते, की शरीराच्या नेहमीच्या ३७ अंशांवरच ती लवकर मोडते. म्हणून जुन्या पेशी आधी फुटतात. चांगलं विकर मात्र साध्या तापानं मोडत नाही, तेव्हा घाबरू नका.

खरी काळजी घ्यायची ती नळीतल्या रक्ताची. वहिनींच्या मुलाचा नमुना दुपारभर उकाड्यात राहिला आणि आकडा कमी आला. डॉक्टरांना शंका आली. दुसरा नमुना थंड डब्यातून गेला, तेव्हा आकडा व्यवस्थित निघाला! पहिल्यावरच विसंबलं असतं, तर मुलाचं चौदा दिवसांचं औषध राहिलं असतं आणि यकृतात दडलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा उठले असते.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

१. रक्त देताना विचारा, नमुना कधी जाणार? तोवर २ ते ८ अंशांत राहील ना? संकोच कसला!

२. नुकतंच रक्त चढवलं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

३. प्रायमाक्विन चालू असताना लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर पुढची गोळी न देता तडक डॉक्टरांकडे जा.

४. दोष निघालाच, तरी उपचार आहेत. मात्रा डॉक्टर ठरवतील. तो कागद जपून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवा.

५. बाळाच्या दुपट्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. दोष असलेल्या बाळाला त्यांच्या वासानंही कावीळ होऊ शकते. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, कपडे छान राहतात.

दूध नासू नये म्हणून आपण जिवाचा आटापिटा करतो. मग लेकराच्या रक्ताच्या नळीसाठी दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?