औषध आणि आधार

नशा आणणारे द्रव्यच नशेतून सोडवील, हे ऐकून जुन्नर-आंबेगावातील दारूने गांजलेल्या घरची माउली कपाळाला हात लावील. तरीही विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लहानशा प्रयोगात, भ्रामक अळंबीतील सायलोसायबिन घेतलेले १५ पैकी १२ जण सहा महिन्यांनंतरही धूम्रपानापासून दूर होते. मात्र त्यांना नुसती गोळी दिली नव्हती. आठवडेच्या आठवडे समुपदेशन झाले, द्रव्य घेताना जाणकार शेजारी बसले. ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून हट्टी नैराश्यासाठी ते खुले केले, तेही अधिकृत मनोविकारतज्ज्ञांपुरतेच.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. संशोधनाला वाट जरूर असावी. पण महादेवाला वाहतात म्हणून धोत्र्याला औषध ठरवणाऱ्या भोंदूंना नव्हे. धोत्रा हे विषच. पुण्यात सुनंदा व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभारलेल्या ‘मुक्तांगण’ने असल्या द्रव्याविना हजारो संसार सावरले, ते माणसांच्या सोबतीने. आहुपे वा नाणेघाटाजवळच्या वनवासी वाडीवरील रुग्णाला त्यासाठी पुणे का गाठावे लागावे? मंचर, घोडेगाव, जुन्नरच्या शासकीय रुग्णालयांत समुपदेशक नेमाने भेटेल, एवढी तजवीज शासनाने आधी करावी.