जानकीपुरमचे भाडे, कॅलिफोर्नियाचे विवरणपत्र

लखनौच्या जानकीपुरम परिसरात भाडेकरूंची वानवा नाही. लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसर, डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम प्राविधिक विद्यापीठ आणि केंद्रीय औषध संशोधन संस्था याच भागात आहेत. तिथे नोकरी करून निवृत्तीनंतर पुण्याला परतलेल्या मराठी कुटुंबाचे घर आता कॅलिफोर्नियातल्या मुलीच्या नावावर, अशी फाइल आपल्यापैकी कुणाच्याही टेबलावर येऊ शकते. तिचा प्रश्न साधा असतो: ‘भारतातल्या विवरणपत्राचाच आकडा तिकडच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर चालेल ना?’

चालणार नाही, हे आपण ठामपणे सांगितले पाहिजे.

आधी भारतातला हिशेब. दरमहा 15,000 भाडे धरू. वर्षाचे 1,80,000. त्यातून नगर निगमला त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला गृहकर, समजा 6,000, वजा. उरलेल्या 1,74,000 वर 30 टक्के सरसकट वजावट, म्हणजे 52,200. करपात्र 1,21,800. मागणी बिलाचा आकडा नको, पावतीचाच घ्या. आणि नगर निगमच्या नोंदीत घर अजून ‘स्वतःच्या वापरात’ असेल, तर ती नोंद आधी बदलून घ्या. स्वतः राहणाऱ्याला मिळणारी सवलत भाड्याच्या घराला नाही.

अमेरिकेत ही सरसकट वजावट नाही. शेड्यूल ई मध्ये पूर्ण भाडे दाखवायचे आणि त्यातून दुरुस्तीचा, देखभालीचा प्रत्यक्ष खर्च, भरलेला गृहकर आणि जमिनीची किंमत वगळून फक्त इमारतीचा घसारा वजा करायचा. त्यांचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे वार्षिक बेरजेवर भागत नाही, महिनावार नोंद लागते. खरी अडचण पुढे आहे. भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट तिथल्या केंद्रीय विवरणपत्रात मर्यादेपर्यंत मिळते. कॅलिफोर्निया मात्र रहिवाशाचे जगभरातले उत्पन्न धरते आणि परदेशातल्या प्राप्तिकराचे क्रेडिट देत नाही. सॉफ्टवेअर केंद्रीय विवरणपत्रातले भाडे आपोआप राज्याच्या विवरणपत्रात ओढते. क्रेडिटही आले असेल, असे मुलगी समजून चालते आणि राज्याच्या करासाठी पैसे बाजूला ठेवत नाही. हे तिला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगायला हवे.

भाडेकरूकडेही लक्ष द्या. मालकीण अनिवासी असल्याने टीडीएससाठी दरमहा 50,000 रुपयांची सूट-मर्यादा इथे लागू होत नाही. तिचे भारतातले एकूण उत्पन्न करमर्यादेखाली असेल, तर कमी कपातीचे प्रमाणपत्र भाडेकरार करतानाच मागावे. नंतर परताव्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ते सोपे पडते.