वाट पाहण्याचा धंदा

विकसनशील देशाच्या वाढीत सेवाक्षेत्राचा वाटा मोठा असतो, हे वाक्य तुम्ही गाईडमध्ये वाचलं असेल. बहुधा नारायण पेठेतल्याच एखाद्या अभ्यासिकेत, हायलायटर मारून. भारताच्या एकूण मूल्यवर्धनात सेवांचा वाटा सुमारे ५५ टक्के. पूर्वपरीक्षेला प्रश्न आला तर मार्क पक्के. आता हायलायटर बाजूला ठेवा आणि ज्या खुर्चीचं महिन्याचं भाडं भरताय तिच्याकडे बघा. तीही त्याच ५५ टक्क्यांत आहे.

केसरीवाड्यापासून पत्र्या मारुतीकडे चालत जा. पाडलेल्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत अभ्यासिका, कॉट बेसिसच्या खोल्या, मेस, झेरॉक्स, टेस्ट सिरीज. चोवीस तास उघडं, वायफायसह, लॉकरचे पैसे वेगळे. हा सगळा व्यवहार जीडीपीत सेवा म्हणून धरला जातो आणि आकडा वाढला की आपण टाळ्या वाजवतो.

पण हा पैसा येतो कुठून? सोयाबीनच्या पट्टीतून, उसाच्या बिलातून, दुधाच्या पगारातून. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी शेतीत आहेत आणि शेतीचा उत्पन्नातला वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी. सेवांमध्ये कामकरी जेमतेम ३० टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त उत्पन्न मिळवणारं क्षेत्र एक तृतीयांश लोकांनाही सामावून घेत नाही. ज्यांना ते घेत नाही, त्यांचीच मुलं पेठेत येऊन त्याच क्षेत्राला दरमहा पैसे भरतात. कसली सेवा घेतात? नोकरीची वाट पाहण्याची.

न्हाव्यानं केस वाकडे कापले तर गिऱ्हाईक फिरकत नाही. इथे उलटं आहे. कटऑफ दोन मार्कांनी हुकला की गिऱ्हाईक पुढच्या वर्षाचे पैसे घेऊन परत हजर. अपयशावर चालणारा धंदा वाढला तर त्याला विकास म्हणायचं का, हा प्रश्न कुठल्याच टेस्ट सिरीजमध्ये नसतो.

आणि तारीख पुढे गेली तर? २०२० ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती. कोरोनात ती सरकत सरकत १४ मार्च २०२१ वर आली आणि ११ मार्चला पुन्हा पुढे ढकलली गेली. मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे २१ मार्च ही तारीख मिळाली. रस्त्यावर उतरणाऱ्यांचा राग एका आठवड्यासाठी नव्हता. वर्षभर घरून येणाऱ्या प्रत्येक फोनला द्यावं लागणारं उत्तर त्या रागात होतं.

कुणी म्हणेल, हिंजवडी बघा की. बघितली. परदेशातून पैसा आणणारी, माणसाला कौशल्य देणारी सेवा देशाला वर नेते, यात वाद नाही. पण सगळ्या देशातल्या आयटीच्या नोकऱ्या मिळून पन्नास लाखांच्या थोड्या वर. काम करणारे हात मात्र पन्नास कोटींहून जास्त. हिंजवडीच्या नावावर नारायण पेठेचा हिशेब खपवू नका.

पेठेत खऱ्या अर्थानं सेवा देणारी माणसं आहेतच. मेसमध्ये दोनशे पोळ्या लाटणारी मावशी, रात्री अकराला अभ्यासिका झाडणारा मुलगा. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी लिहिला गेला. चार माणसांवर चालणारी मेस त्यात बसतच नाही. मग मावशींचे कामाचे तास ठरवणार कोण? साप्ताहिक सुट्टी? त्या आजारी पडल्या की पगार कापला जातो आणि आपण भाजीत मीठ कमी पडल्याची तक्रार करतो. (मीही केली आहे.)

क्लासच्या फीवर सरकार १८ टक्के जीएसटी घेतं. वाट पाहण्यावरही कर बसतो, आणि तो शेतकरी बाप भरतो. मग त्या बापाला निदान वर्षाच्या सुरुवातीला परीक्षेची पक्की तारीख, निकालाची पक्की तारीख आणि निवड झालेल्या पोराच्या नेमणुकीची पक्की तारीख द्या. आणि तारीख चुकली तर अर्जाचं शुल्क न मागता परत करा.