परवानगी मागणारा हवाई दलप्रमुख

आमच्या मोरव्याच्या रस्त्यावर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. हवाई दलाचे मराठी प्रमुख कोण, असं त्यांना विचारलं की विवेक चौधरींचं नाव लगेच येतं. ते २०२४ मध्येच निवृत्त झाले. हृषिकेश मुळगावकर, अनिल टिपणीस, प्रदीप नाईक ही नावं मात्र कुणाला आठवत नाहीत. यातल्या टिपणीसांबद्दल मला आज लिहायचं आहे, कारण त्यांच्यावर थोडा अन्याय झाला आहे असं मला वाटतं.

अनिल यशवंत टिपणीस १९६० मध्ये लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात आले आणि ३१ डिसेंबर १९९८ ला प्रमुख झाले. पाच महिन्यांतच पाकिस्तानशी कारगिलचं युद्ध पेटलं. मे महिन्यात लष्कराला सशस्त्र हेलिकॉप्टरं हवी होती. टिपणीसांचं म्हणणं होतं की इतक्या उंचीवर हेलिकॉप्टर सहज टिपलं जाईल, आणि हवाई शक्ती वापरली की युद्धाचं स्वरूपच बदलतं, म्हणून आधी सरकारची परवानगी हवी. हवाई दलाने उशीर केला, हा ठपका तेव्हापासून आजतागायत त्यांच्यावर आहे.

२५ मे ला परवानगी मिळाली, २६ ला हल्ले सुरू झाले. सरकारची अट एकच, नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. २७ तारखेला वैमानिक नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन बंद पडलं आणि ते शत्रूच्या हाती सापडले. त्यांचा शोध घेणाऱ्या अजय आहुजांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं. आहुजा परतलेच नाहीत. २८ ला तोलोलिंगजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं. राजीव पुंडीर, एस. मुहिलन, राज किशोर साहू आणि पी. व्ही. एन. आर. प्रसाद, चौघेही गेले. टिपणीसांना ज्याची भीती होती तेच तीन दिवसांत घडलं. हेलिकॉप्टरंही अखेर त्यांच्याच दलाने पाठवली होती, त्यामुळे हा हिशेब त्यांच्याही नावावर आहेच.

पण पुढे काय केलं ते महत्त्वाचं. हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टरं काढून घेतली. विमानं खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, वरून मारा करू लागली. विरळ हवेत बॉम्ब नेहमीच्या गणिताप्रमाणे पडत नाही, म्हणून वैमानिकांनी गणितं नव्याने मांडली. मिराज विमानांवर लेझरने लक्ष्य दाखवणारी यंत्रणा घाईघाईने बसवली गेली. २४ जूनला टायगर हिलवरच्या शत्रूच्या ठाण्यावर पहिला लेझर-मार्गदर्शित बॉम्ब पडला, तेव्हा साठीकडे झुकलेले टिपणीस स्वतः एका मिराजमध्ये बसून आकाशातून तो मारा पाहत होते. चार जुलैला आपल्या जवानांनी टायगर हिल घेतली. डोंगर चढून जीव देणारे तेच होते, हे विसरता येणार नाही.

चिडलेल्या देशात, आपले जवान मरत असताना, आधी परवानगी घ्या असं सांगायला शौर्यचक्र मिळत नाही. तरीही लोकशाहीत सेनापतीने नेमकं हेच सांगायला हवं, आणि टिपणीसांनी ते सांगितलं. ते ३१ डिसेंबर २००१ ला निवृत्त झाले आणि पुढे त्यांनी कारगिलची आपली बाजू लेख लिहून मांडली. भरतीला निघालेल्या पोरांनो, धावून झाल्यावर तो लेख मिळवून वाचा. लष्कराची बाजूही वाचा आणि मगच मत बनवा.